गरम पाण्याचे कुंड : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या गरम पाण्याच्या झऱ्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या आणि शेवटच्या पत्राला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटले, कारण झऱ्याचे पाणी येते कुठून हे नीट समजल्याखेरीज तो राखायचा कसा, हे सांगता येत नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या कुंडातले पाणी बारा महिने गरम असते. जमिनीखाली गंधकाची खाण धुमसते आहे, असे माझी आजी सांगत असे. माझा मुलगा म्हणतो की सह्याद्री ज्वालामुखीतून झाला आणि त्याचीच उष्णता अजून उरली आहे. कोणाचे खरे मानावे?
(एक वाचक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : आपल्या आजींनी गंधकाचा वास घेतला होता आणि आपल्या मुलाने सह्याद्रीचा इतिहास बरोबर वाचला आहे, मात्र पाणी तापवण्याचे काम या दोहोंपैकी कोणीही करत नाही.

आधी ज्वालामुखीचे पाहू. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थरावर थर साचत गेलेला लाव्हाच आहे, परंतु त्याचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाला. जमिनीवर पसरलेला लाव्हाचा थर काही वर्षांत किंवा फार तर काही शतकांत निवतो आणि खोलवर अडकलेला शिलारससुद्धा काही लाख वर्षांत थंड होतो. कोट्यवधी वर्षांनंतर त्या उष्णतेतले काही शिल्लक राहणे शक्य नाही. कोकणाच्या पोटात आज जिवंत ज्वालामुखी नाही, तेव्हा त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आता गंधक. कुंडाजवळ सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. पाण्यात विरघळलेल्या सल्फेटपासून, जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा खोल जागी, सूक्ष्मजीवांच्या क्रियेने हा वायू तयार होऊ शकतो. आपले नाक या वायूच्या बाबतीत इतके तीक्ष्ण आहे की त्याचा नाममात्र अंशही ते ओळखते, म्हणून वास उग्र असला तरी पाण्यातले प्रमाण अगदी थोडे असू शकते. शिवाय गंधक धुमसायचे तर त्याला हवा लागते, आणि जमिनीखाली एवढ्या खोलीवर ती नसते.

मग पाणी तापते कशाने? पृथ्वीच्या स्वतःच्या उष्णतेने. जमिनीत खाली जावे तसे तापमान वाढत जाते. जगात बहुतेक ठिकाणी हा वाढीचा दर दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस एवढा असतो, आणि कोकणपट्टीत तो त्याहून काहीसा अधिक आढळतो. पश्चिम उताराच्या कातळावर पडलेल्या पावसाचा फार मोठा भाग ओढ्या-नद्यांतून समुद्राला मिळतो; पण थोडे पाणी खडकांतल्या उभ्या भेगांतून खाली उतरत राहते. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे येथील झऱ्याचे पाणी सुमारे ७० अंशांचे आहे. भूपृष्ठाजवळच्या जमिनीचे तापमान २७ अंश धरले, तर पाण्याने वाटेत ४३ अंश उष्णता मिळवलेली आहे, आणि त्यासाठी नेहमीच्या दराने त्याला निदान दीड किलोमीटर खाली जाऊन यावे लागेल. प्रत्यक्षात ते त्याहून खोल गेलेले असणार, कारण वर येताना ते वाटेतल्या खडकाला उष्णता देते आणि उथळ थरांतल्या थंड पाण्यात मिसळते.

या खोलीचा अंदाज घेण्याची एक पद्धत मला फार सुंदर वाटते, म्हणून ती येथे सांगतो. पाणी जितके गरम, तितकी जास्त सिलिका (वाळूचा मुख्य घटक) ते खडकातून विरघळवून घेते. तेच पाणी भेगेतून लवकर वर आले, तर गार होऊनही ती सिलिका चटकन सोडून देत नाही. त्यामुळे कुंडातल्या पाण्यात किती सिलिका आहे हे मोजले की ते खाली असताना किती तापले होते, हे काढता येते. कोकणातल्या झऱ्यांसाठी अशा पद्धतींनी काढलेले खोलीवरचे तापमान १०० अंशांच्या पुढे जाते. थोडक्यात, कुंडातल्या पाण्यातले क्षार हे त्याच्या प्रवासाचे टिपण आहे.

हे पाणी पावसाचेच, हे कशावरून? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे थोडे जड अणूही असतात, आणि त्यांचे परस्पर प्रमाण पावसाच्या पाण्यात एका ठरावीक नात्याने बांधलेले असते. झऱ्यांच्या पाण्यात तेच नाते सापडते. तसेच १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे जगभरच्या पावसात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन वाढला होता. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मे उरते. झऱ्याच्या पाण्यात ट्रिटियम जवळजवळ नसेल, तर ते पाणी त्या चाचण्यांच्याही आधी जमिनीत शिरलेले आहे असा निष्कर्ष निघतो. आपल्या कुंडात आज उमळणारे पाणी म्हणजे कदाचित आपल्या आजींच्या लहानपणीचा, किंवा त्याही पूर्वीचा, पाऊस असेल.

आणखी एक प्रश्न उरतो, तो म्हणजे ठरावीक गावांतच हे झरे का. पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत साधारण ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे १८ ठिकाणी हे झरे आहेत. सातिवली, अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचे उन्हाळे ही नावे नकाशावर मांडली, तर ती समुद्र आणि घाटमाथा यांच्या मधोमध एका लांबट ओळीत बसतात. भारताचा पश्चिम किनारा हा भूखंड फाटून तयार झालेला किनारा आहे. आधी मादागास्कर आणि नंतर सेशेल्सचा भाग येथून दूर सरकला, आणि त्या ताणाने किनाऱ्याला समांतर अशा खोल भेगा पडल्या. जिथे अशा भेगेला दुसरी आडवी भेग छेदते, किंवा नदीने वरचा कातळ कापून काढलेला असतो, तिथे गरम पाण्याला वर यायला वाट मिळते. म्हणूनच इतके झरे नदीकाठी, किंवा तानसेच्या काठच्या काही कुंडांप्रमाणे थेट नदीच्या पात्रात आहेत.

जाता जाता गावांच्या नावांकडेही लक्ष वेधावेसे वाटते. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे. इकडे सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा तालुक्यातले उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवटकडचे उनकेश्वर. या सगळ्यांत ‘ऊन’ आहे. गरम पाण्याच्या झऱ्याला मराठीत ‘उन्हाळे’ असा स्वतंत्र शब्दच आहे, जो जुन्या कोशांत सापडतो आणि बोलण्यातून मात्र नाहीसा होत चालला आहे. तो पुन्हा वापरात यावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझ्या वडिलांना गुडघेदुखी आणि मधुमेह आहे. गणेशपुरीला सलग काही दिवस स्नान केल्यास दुखणे कायमचे जाते, असे नातेवाईक सांगतात. न्यावे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : न्यायला हरकत नाही, परंतु आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे आणि औषधे एक दिवसही बंद करू नयेत. कोमट ते गरम पाण्यात बसल्याने स्नायू सैलावतात, पाण्याच्या उचलीमुळे सांध्यावरचा भार कमी होतो आणि दुखणे काही काळ खरोखर कमी होते. हा आराम खोटा नाही. झिजलेला सांधा मात्र त्याने भरून येत नाही.

मला अधिक काळजी मधुमेहाची वाटते. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते, आणि चटका बसला तरी तो कळत नाही. ६० अंशांच्या पाण्याने अवघ्या काही सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. तुरळचा झरा जवळपास एवढाच गरम आहे आणि उन्हवऱ्याचा त्याहूनही अधिक. कुंडात उतरण्यापूर्वी पाण्याची उष्णता त्यांच्या पायाने न पाहता आपण स्वतःच्या कोपराने पाहावी, आणि शक्य असल्यास तापमापक सोबत न्यावा. ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात १० ते १५ मिनिटे पुरेशी आहेत. हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याखेरीज उतरू नये. पाण्यातून उठताना चक्कर येण्याचा संभव असतो, म्हणून सोबत कोणीतरी असावे.

डोके पाण्याखाली घालू नये, हेही आवर्जून सांगतो. साचलेल्या उबदार गोड्या पाण्यात नेग्लेरिया फावलेरी नावाचा अमीबा वाढू शकतो. तो ४६ अंशांपर्यंतचे तापमान सोसतो. असे पाणी नाकात वर गेले, तर क्वचित, पण बहुधा जीवघेणा, मेंदूचा संसर्ग होतो. केरळात गेल्या काही वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. वाहत्या धारेखाली तांब्याने अंगावर पाणी घेणे, ही जुनी रीत या दृष्टीनेही चांगली आहे.

प्रश्न : झऱ्याच्या पाण्यात खनिजे असतात, म्हणजे तेच खरे ‘मिनरल वॉटर’ नव्हे का? आम्ही सहलीहून बाटल्या भरून आणल्या आहेत. रोज पिण्यास चालेल का?
(एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : कृपया ते पाणी पिऊ नका. खनिजे असणे आणि ती पिण्यास योग्य प्रमाणात असणे यांत फार अंतर आहे. कोकणातल्या या झऱ्यांच्या पाण्यात मुख्यतः सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड असतात, आणि काही ठिकाणी क्लोराइड लिटरमागे काही शे मिलिग्रॅम इतके भरते. कोकणातल्या साध्या विहिरीचे पाणी असे नसते. बेसॉल्ट खडकातले, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळातले, उथळ भूजल बायकार्बोनेटचे असते. हा खारेपणा जुन्या काळी भेगांत अडकलेल्या समुद्राच्या पाण्यातून आला, की बेसॉल्टखालच्या अतिप्राचीन ग्रॅनाइटसारख्या खडकांतून आला, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. पिणाऱ्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच आहे. गरम झऱ्यांच्या पाण्यात फ्लोराइडही वाढलेले असू शकते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दात आणि हाडे खराब होतात, आणि पाणी उकळल्याने ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

हॉटेलात आपल्याला ‘साधे की मिनरल’ असे विचारतात, तेव्हा समोर येणारी बाटली बहुतेक वेळा खनिज पाण्याची नसतेच. तिच्यावर भारतीय मानक १४५४३ असा आकडा असेल, तर ते प्रक्रिया केलेले पॅकबंद पेयजल असते. मग त्याचा मूळ स्रोत कूपनलिका असो वा नळ. नैसर्गिक खनिज पाण्यासाठी १३४२८ हे वेगळे मानक आहे. ते पाणी भूगर्भातील स्रोतातून थेट घ्यावे लागते, त्याची रासायनिक घडण स्थिर असावी लागते आणि ती बदलणारी प्रक्रिया त्यावर करता येत नाही. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या एव्हियन गावाचे पाणी हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-मातीच्या थरांतून १५ वर्षांहून अधिक काळ झिरपत येते. तो झरा थंड आहे आणि त्यातले क्षार सौम्य आहेत, म्हणून ते पाणी पिण्याजोगे आहे. आपल्या कुंडाचे पाणी फार खोलवरून आणि फार तापून आलेले आहे. तुलना करायचीच तर ती अशी करावी.

प्रश्न : आमच्या वाडीजवळच्या कुंडाची धार गेल्या चार-पाच वर्षांत बारीक झाली आहे आणि पाणी पूर्वीइतके कढत राहिलेले नाही, असे सर्वांचे म्हणणे आहे. कुंड सिमेंटने बांधून काढले, शेजारी वाहनतळ झाला आणि जवळच दोन बोअर मारले गेले. आता आणखी एक बोअर मारण्याचे घाटत आहे. हे थांबवण्यासाठी आम्ही नेमके काय मांडावे?
(काही ग्रामस्थ, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आपले पत्र वाचून अस्वस्थ झालो, कारण असा झरा एकदा वाटेतच मोडला, तर तो पुन्हा जुळवून देणे कोणाच्याही हाती नाही. गरम पाण्याचा झरा म्हणजे जमिनीखालचे तळे नव्हे. तो भेगांमधून वर आलेला एक बारीक धागा असतो. ते पाणी वर येते ते दोन कारणांनी : डोंगरावर मुरलेल्या पाण्याचा मागून दाब असतो, आणि गरम पाणी थंड पाण्याहून हलके असते. यांपैकी कशातही ढवळाढवळ झाली की धार मंदावते.

बोअरमुळे तीन प्रकारे हानी होऊ शकते. बोअर त्याच भेगेला लागला, तर पाणी झऱ्याऐवजी पंपातून बाहेर पडते. भेगेला न लागताही भोवतालची भूजलपातळी उपशामुळे खाली गेली, तर झऱ्याच्या मुखाशी असलेला दाब कमी होतो. तिसरा प्रकार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : बोअरच्या उभ्या नळीतून वरच्या थरातले थंड पाणी खाली उतरते आणि गरम पाण्यात मिसळते, मग धार तेवढीच राहूनही पाणी कोमट होते. आपल्या पत्रात धार आणि उष्णता दोन्ही घटल्याचे म्हटले आहे, त्यामुळे यांपैकी एकाहून अधिक गोष्टी एकत्र घडल्या असण्याची शक्यता मला दिसते.

सिमेंटचे म्हणाल, तर कुंडाला काठ बांधणे गैर नाही, पण तळ बांधून काढणे घातक आहे. पाणी तळाच्या अनेक बारीक फटींतून उमळत असते. जिथून बुडबुडे येतात तिथे पाहिले म्हणजे ते कळते. या बुडबुड्यांत बहुतांशी नायट्रोजन असतो, म्हणजे पावसाबरोबर खाली गेलेली हवाच, वाटेत प्राणवायू गमावून परत आलेली. तळावर काँक्रीट ओतले की पाणी आजूबाजूला दुसरी वाट शोधते, आणि ती वाट बहुधा जमिनीखालून नदीलाच मिळते. वाहनतळाखाली झऱ्याच्या वरच्या बाजूची भेगाळ जमीन झाकली गेली असेल, तर तीही मोकळी करण्याचा आग्रह धरावा. खोल जाणारे पाणी दूरच्या डोंगरावर मुरत असल्यामुळे तेवढ्या जागेने उष्ण पाण्याचा पुरवठा लगेच घटणार नाही, हे खरे. परंतु गाड्यांचे तेल आणि सांडपाणी मात्र सरळ कुंडाकडे उतरेल.

आता काय मांडावे, ते सांगतो. ‘सर्वांचे म्हणणे आहे’ एवढ्यावर कोणतेही कार्यालय निर्णय घेणार नाही, म्हणून आपण आकडे जमवावेत, आणि तिसरा बोअर होण्याआधी जमवावेत. त्यासाठी एक साधा तापमापक, दहा लिटरची बादली, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर एवढे पुरते. टीडीएस मीटर शहरातल्या दुकानात सहज मिळते, आणि पाणी गार झाल्यावर त्याने मोजावे. तापमान कुंडाच्या मध्यभागी न घेता पाणी ज्या फटीतून येते तिथे, दर वेळी त्याच जागी आणि शक्यतो पहाटे घ्यावे. कुंडातून बाहेर वाहणारी धार बादलीत धरून ती किती सेकंदांत भरते, हे पाहावे. दोन्ही बोअरच्या पाण्याचे तापमान आणि क्षारही मोजावेत. बोअरचे पाणी उबदार निघाले आणि त्यातले क्षार गावच्या विहिरींपेक्षा कुंडाशी जुळले, तर बोअर झऱ्याच्याच भेगेत उतरला आहे, असा सबळ पुरावा आपल्या हाती येतो. शक्य असेल तर संमती घेऊन दोन्ही पंप काही दिवस बंद ठेवावेत आणि त्या दिवसांत धार वाढते का, याची नोंद करावी. मला विचाराल तर ही एक चाचणी बाकी सगळ्यांपेक्षा बोलकी ठरेल.

पावसाळ्यातल्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. आषाढ-श्रावणात उथळ पाणी मिसळल्यामुळे चांगल्या झऱ्याचेही तापमान काहीसे उतरू शकते, आणि तेवढ्यावरून निष्कर्ष काढल्यास आपली बाजू कमकुवत होईल. फाल्गुन ते वैशाख या महिन्यांतले आकडे सर्वांत विश्वासार्ह असतात.

या नोंदी घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा, आणि ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत : कुंडाच्या परिसरात भूशास्त्रीय पाहणी झाल्याखेरीज नवा बोअर होऊ नये, आणि कुंडात साबण, शाम्पू व कपडे धुणे बंद व्हावे. ज्यांना पाणी हवे आहे त्यांची गरजही खरी आहे, हे ठराव मांडताना विसरू नये. त्यांच्यासाठी झऱ्याच्या ओळीपासून दूर, नदीच्या दुसऱ्या बाजूला विहिरीची जागा सुचवता आली, तर विरोध बराच मावळेल.

वाडीतल्या वयस्कर मंडळींकडून एक गोष्ट अवश्य विचारून लिहून ठेवावी : पूर्वी कुंडाचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत येत असे, आणि त्यात हात किती वेळ धरवत असे. मोजमापे नव्हती त्या काळाबद्दल एवढाच पुरावा आपल्याला मिळू शकतो. पहिली नोंद झाली की तारखेसह तिची प्रत माझ्याकडे पाठवावी. आकडे तपासून अर्जाचा मसुदा करायला मी मदत करीन.